बेलाचा ठोकळा

लातूर,
१६ फेब्रुवारी १९८३

प्रिय विरू,

तुला आणि लक्ष्मम्माला आशीर्वाद. पाकीट जाड आहे हे हातात घेतल्याबरोबर तुला कळलं असेल आणि तू ते कोनाड्यात ठेवून जेवणानंतर वाचू म्हणाला असशील. तसं करू नकोस. अक्काचं पत्र म्हणजे पोस्टकार्डाच्या आठ ओळी, त्यातल्या पाच अव्वाच्या गुडघ्यांवर, ही सवय तुला मीच लावली आहे. हे पत्र मात्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहायला बसले आहे. पोरांच्या निबंधांवर लाल शाई ओतण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला आपल्या सख्ख्या भावाला एक पत्र धड लिहिता येत नाही, ह्याचं तुला हसू येईल. हसून घे, पण वाच.

आधी कामाचं सांगते. आपलं लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले. पाट्या लागल्या, शिक्के आले, खुर्च्या अजून यायच्या आहेत. शाळा तपासायला आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना जीप मिळते, पण ती जीप पाहिलीस तर तुला रडू येईल. घर वेगळं करताना थोरल्या जावेने धाकटीला पोचे पडलेली पातेली द्यावीत, तशा उस्मानाबादेहून आमच्या वाटणीला गाड्या आल्या आहेत. पाऊस यंदाही तोंडाला पानं पुसून गेला, म्हणजे चैत्रापासून टँकर चालू होणार. त्यासाठी अकरा नवे ड्रायव्हर घेतले आहेत. परवाना सगळ्यांकडे आहे, गाडी पळवता सगळ्यांना येते. गाडी उभी राहिली की मात्र सगळे रस्त्याकडे तोंड करून ट्रकवाल्यांची वाट बघत बसतात. आमच्या साहेबांना ह्या अकरा जणांना महिनाभर शिकवील असा माणूस हवा आहे. चाक कसं बदलायचं, गाडी कशी उचलायची, तिच्या पोटाखाली हात घालण्याआधी काय काय बघायचं, एवढंच. पटला तर वर्कशॉपमध्ये पक्की जागाही द्यायचं त्यांच्या मनात आहे. मी तुझं नाव सांगितलं. होळीपर्यंत ते थांबणार आहेत.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल ते पुन्हा. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. दहा वर्षांत तू एकदाही स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. तिकडे हिमायतनगरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायला बसतोस, आणि सायकल पंक्चर झाली तर मेव्हण्याला हाक मारतोस. तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली म्हणून कुणी तुला नाव ठेवलेलं नाही. तीन बोटांनी गाडी चालवणारे मी लातुरात दोन दाखवीन. तुझं दुखणं बोटांचं नाही. दिवाळीला लक्ष्मम्माने मला वेगळं पत्र लिहिलं होतं, तिला रागावू नकोस. तू झोपायच्या आधी दाराची कडी लावतोस, अंथरुणावर येतोस, पुन्हा उठून कडी बघतोस, पुन्हा येतोस, पुन्हा उठतोस. स्टोव्ह विझवला का ते तिला विचारतोस आणि तिने हो म्हटलं तरी जाऊन हात लावून बघतोस. "ह्यांना आपल्याच हाताचा भरवसा न्हाई अक्का," असं तिने लिहिलंय. ते वाक्य वाचल्यापासून मला नीट झोप नाही.

गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. अहमदपूरहून शाळा तपासून येताना चाकूरच्या अलीकडे आमच्या जीपचं मागचं चाक बसलं. ड्रायव्हर अण्णाराव म्हणून आहे, किल्लारीकडचा, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, मोठा गोड बोलणारा. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला काळ्या रानात उतरवली, आम्ही पाच बाया आत बसलेल्याच. "तुमी बसा बाई, पाच मिंटात व्हतंय," म्हणाला. पायाखाली जमीन कशी झाली आहे तुला माहीत आहे. वरून बघावं तर शेणाने सारवून वाळलेली दिसते, आणि तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. त्याने जॅकच्या बुडाखाली काय ठेवावं? शहाबादी फरशीचा तुकडा. कुणाच्या तरी ओसरीतून उरलेला, तो गाडीतच घेऊन हिंडतो. हँडब्रेक ओढलेला नाही, पुढच्या चाकाला दगड लावलेला नाही, आणि गडी जॅकचा दांडा फिरवतोय. चाक हवेत गेल्यावर त्याला आठवलं की नट अजून सोडायचे आहेत. मग गंजलेल्या नटावर पाना चढवून तो त्याच्यावर उभा राहून नाचायला लागला आणि आम्ही आत पाळण्यात बसल्यासारख्या हलू लागलो. आणि खालून फट्‌ आवाज आला. फरशी मधोमध तडकली, जॅक चार बोटं खाली गेला, गाडी एका अंगावर कलली. कुणाला काही झालं नाही. अण्णाराव हसतच होता, पण तो आवाज मी आधी ऐकलेला होता.

मी सगळ्यांना खाली उतरवलं. पदर खोचला आणि पन्नास पोरांच्या वर्गात लावायची तो आवाज लावला. गाडी आधी खाली घे. रस्त्यावर आण, डांबराच्या काठाला, जिथे जमीन सपाट आहे. गिअरमध्ये टाक, हँडब्रेक ओढ. बसलेल्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लाव. चाक जमिनीवर आहे तोवर नट अर्धा अर्धा फेरा ढिले कर, पाना खाली दाबायचा, वर ओढायचा नाही. जॅकखाली फळी. फळी नव्हती, तर शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून जुन्या वखराचं लाकूड मागून आणवलं. जॅक आसाच्या खाली सरळ उभा आहे का ते दोन बाजूंनी बघ. चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं की बस. आणि चाक काढायच्या आधी स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकव, म्हणजे गाडी घसरलीच तर तिच्यावर बसेल, तुझ्यावर नाही. चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळ, गाडी खाली आल्यावर पुन्हा आवळ. अण्णाराव मुकाट्याने करत गेला. सगळं झाल्यावर हात पुसत त्याने विचारलं, "बाई, तुमी गाडी कवा शिकलाव?" मी म्हटलं, मी नाही रे, माझा भाऊ... आणि पुढचं वाक्य मला येईना. त्याला वाटलं भाऊ वारला आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यातला शब्द न्‌ शब्द तुझा होता. दुष्काळाच्या सालात तू मला तो घोकून घेतला होतास. मी मास्तरीण, माझी नेमणूक खडीच्या कामावर पोरांना सुकडी वाटायला आणि हजेरी लिहायला झालेली, आणि तू त्याच कामावरच्या जीपचा हंगामी ड्रायव्हर. रोज सकाळी सुकडीच्या पोत्यांवर बसून आपण अहमदपूरहून निघायचो. खडीची कच आणि बाभळीचे काटे, एक दिवस सुना जायचा नाही पंक्चरवाचून. तू मला खाली उतरवायचास आणि म्हणायचास, "अक्का, तू पोरांकडून पाढे म्हनून घेतीस न्हवं? आता म्हन." आणि मी रस्त्यात उभी राहून म्हणायची, गिअर, ब्रेक, दगड, नट, फळी, जॅक, ठोकळा. एकदा ठोकळा विसरले तर तू मला पहिल्यापासून म्हणायला लावलंस आणि रस्त्याने जाणाऱ्या कामावरच्या बाया थांबून ऐकत होत्या. तुझं एक ठरलेलं वाक्य असायचं, जॅक उचलायला असतो, धरायला नसतो. उचललं की त्याच्यावर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही. धरायला ठोकळा, आणि तोही लाकडाचा. मी विचारलं होतं, इथे एवढी दगडाची रास पडली आहे, दगड का नाही? तू म्हणालास, "लाकूड दबायच्या आदी वरडतं अक्का, करकरतं. मानसाला हात काढाया सवड देतं. दगुड सांगत न्हाई, येकदम जातो."

आणि मग तो बेलाचा ठोकळा. अहमदपूरच्या आपल्या परसातला बेल त्याच साली वाळला. आडाचं पाणी तळाला गेलेलं, माणसांना प्यायला पुरेना, तरी अव्वा आंघोळीचं पाणी बाजेखाली घमेलं ठेवून धरायची आणि झाडाला नेऊन घालायची. शेवटी एकही हिरवं पान राहिलं नाही. तू कुऱ्हाड घेतलीस तेव्हा अव्वा दोन दिवस तुझ्याशी, पोटच्या लेकाशी, बोलली नाही, आणि मी अव्वाच्या बाजूने होते. ज्याचं पान लिंगावर वाहायचं त्याचं खोड वंगणात बुडवायचं, हे मला सहनच होईना. तू मात्र करवतीने वीतभर उंचीचा ठोकळा कापलास, चारी बाजू तासल्यास आणि म्हणालास, "वाळल्या झाडाला पानी घालून राहिलीस अव्वा, त्यापरीस त्याला कामाला लाव. सारा मुलूख कामावर गेलाय." मी तुला नास्तिक म्हटलं. तू गळ्यातलं लिंग काढून कपाळाला लावलंस आणि हसलास. तेव्हापासून रोज गाडीत बसताना माझी नजर आधी त्या ठोकळ्याकडे जायची. त्याच्या माथ्यावर आसाच्या वजनाने पन्हळीसारखा एक वण पडला होता.

त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे ते असं. शिवरात्र होती. मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट ढिला झाला म्हणून तू कामावर पोचल्यावर लगेच गाडी उचललीस. पाना पुरेना म्हणून लोहाराच्या पालावर जाऊन पाइपचा तुकडा आणलास, पान्याच्या दांड्याला चढवायला. परत येऊन खाली बसलास, डावा हात आसाच्या खाली घातलास आणि उजव्याने जोर लावलास. जॅकखालच्या फळीची एक कड भेगेवर होती, ती आत गेली, जॅक कलला, गाडी खाली आली. आवाज झाला फट्‌ असा, आणि मग तुझा. मला त्यापुढचं ट्रकच्या हौद्यातलंच आठवतं, तुझं डोकं माझ्या मांडीवर आणि खांद्याला माझी पिशवी. माणसांनी गाडी उचलून तुझा हात काढला तेव्हा आसाखाली दगडाचे दोन तुकडे पडलेले होते. ठोकळा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तू मला विचारलंस, मी दगड ठेवला होता का. मी म्हटलं, पडून राहा. तू म्हणालास, मला तर ठोकळा ठेवल्याचं आठवतंय, तळहाताने दोनदा हलवून बघितल्याचंही आठवतंय. महिन्याने घरी आलास आणि देव्हाऱ्याशेजारी पाहिलंस, तर ठोकळा तिथे, कोरडा, विभूती लावलेला. अव्वाने नुसतं बेलाचं लाकूड घरी परत आलेलं बघितलं होतं आणि उचलून देवाजवळ ठेवलं होतं, तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. तू दारातच उभा राहिलास. मग म्हणालास, "ठोकळा तर घरीच हाय अक्का. मंग मी त्या दिशी काय ठेवलं? मला आठवतंय ते काय हाय?" मी चूल फुंकत होते. तुझी समजूत अशी झाली की अव्वाने सकाळीच तो गाडीतून काढून घेतला असेल, तुझ्या लक्षातही आलं नसेल, आणि तू घाईत हाताला आला तो दगड लावून ठोकळा लावल्याचं मनाशी धरून बसलास. ज्याला आपल्या हाताने काय ठेवलं ते आठवत नाही त्याने गाडीला हात लावू नये, असं म्हणून तू नोकरी सोडलीस. कायम व्हायची तुझी कागदं तेव्हा तयार होती. साहेबलोकांनी दोनदा माणूस पाठवला, तू गेला नाहीस. पुढच्या वर्षी लक्ष्मम्माच्या माहेरी हिमायतनगरला निघून गेलास, आणि तेव्हापासून कडी तीनदा बघतोस.

इकडचं थोडं सांगते, मग राहिलेलं सांगते. मला थोडा दम घेऊ दे. चाकूरच्या रस्त्यावरची गोष्ट अण्णारावने कचेरीत सगळ्यांना मीठ-मसाला लावून सांगितली. आता शिपायापासून सगळे मला "जॅकवाल्या बाई" म्हणतात, माझ्या पाठीमागे अर्थात. दोन ड्रायव्हर येऊन विचारून गेले, तुमचे भाऊ खरंच नाहीत का. मी म्हटलं, आहेत, हिमायतनगरला आहेत, ठणठणीत आहेत. साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बोलावून घेतलं. अपघाताचं मी त्यांना सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, ज्याचा हात एकदा सापडलाय तो माणूस दहा जणांचे हात वाचवील. मला त्या माणसाचा आदर वाटला. सिद्धेश्वराच्या यात्रेतले पाळणे अजून उभे आहेत आणि अण्णाराव आपल्या लेकरांना घेऊन जाऊन आला. तिथे पाळणेवाल्याला म्हणे त्याने विचारलं, खांबाखाली काय ठेवलंय ते दाखव. अव्वा बरी आहे. ऐकू कमी येतं, पण तिच्याबद्दल बोलत असलो तर बरोबर येतं. आमच्या इथल्या खोलीच्या मागे घरमालकाने बेलाचं रोप लावलंय, आणि नळाला चार दिवसांनी पाणी येतं तरी त्याला ती रोज तांब्याभर घालते.

आता राहिलेलं. त्या शिवरात्रीला सकाळी मी पूजेला बसले तर घरात बेलाचं एक पान नव्हतं. चार घरी जाऊन आले, देवळात गेले, सगळी झाडं वाळलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी शिवरात्रीला लिंगावर नुसतं पाणी घालून उठले. उपाशी होते आणि डोक्यात तेच होतं. कामावर पोचलो, तू गाडी उचललीस, आसाखाली ठोकळा सरकवलास, तळहाताने दोनदा हलवून बघितलास आणि पाइप आणायला गेलास. मी जीपच्या सावलीला बसले होते. आसावरून काळ्या वंगणाचा एक थेंब गळाला आणि ठोकळ्यावर पडला. थोड्या वेळाने दुसरा. तिसरा पडेपर्यंत मी थांबले नाही. वजन अजून जॅकवर होतं, ठोकळा आणि आसामध्ये बोटभर फट होती, त्यामुळे तो अलगद निघाला. मी तो पदराने पुसला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. त्या जागी काहीतरी हवं एवढं तुझ्या पाढ्यामुळे मला कळत होतं. म्हणून खडीच्या राशीतून चांगला चौकोनी, त्याच उंचीचा दगड आणून सरकवला. कामावरची पंचफुला तिथेच दहा पावलांवर खडी फोडत होती. ती म्हणाली, "बाई, त्यो दगुड नगं. त्याला घन बसलाय, आतून गेलाय त्यो." मी तिला हाताने असू दे म्हटलं. दगड फोडणारी बाई मला दगडाचं सांगत होती आणि मी ऐकलं नाही, कारण मी मास्तरीण होते आणि ती अंगठा देणारी. तू पाइप घेऊन आलास. खाली बसताना पुन्हा बघितलं नाहीस, कारण तू एकदा बघून गेला होतास आणि गाडीपाशी फक्त मी होते. ट्रकमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं तेव्हा ठोकळा माझ्या पिशवीत होता, विरू. पंचफुला कुणाला काही बोलली नाही. हजेरीला आली की माझ्याकडे बघायची आणि अंगठा देऊन जायची.

आधी तुझं रक्त बघून बोलता आलं नाही, मग डॉक्टर काय म्हणतात ते बघू म्हटलं, मग तुझं लग्न नीट पार पडू दे म्हटलं. दहा वर्षं म्हणजे असे दिवस, एकेक करून. खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायची आणि घरी येऊन त्या ठोकळ्यासमोर हात जोडायची. सोमवारी विभूती लावताना मी त्या वणात बोट घालून ती नीट भरायची, म्हणजे वण दिसू नये. परवा मात्र मी अव्वाच्या कानाशी बसून सगळं मोठ्याने सांगितलं, घरमालकाने ऐकलं असणार. मला वाटलं रडेल किंवा मारेल. तिने उठून ठोकळा घेतला, मोरीवर नेला, त्या चार दिवसांच्या पाण्यातला एक पूर्ण तांब्या त्याच्यावर ओतला आणि काथ्याने घासून दहा वर्षांची विभूती काढली. मग माझ्या हातात देऊन म्हणाली, "विरू म्हनला व्हता न्हवं, कामाला लाव म्हनून. लाव मंग. आन्‌ त्याला कळव आदी." ठोकळा खिडकीत वाळत ठेवला आहे. वण पुन्हा दिसतोय.

नोकरीसाठी आठ ओळींचं कार्ड पुरलं असतं. एवढं मोठं पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुला जे आठवत होतं ते खरं होतं. ठोकळा तूच ठेवला होतास, दोनदा हलवून बघितला होतास आणि तो बरोबर बसला होता. तुझा हात चुकला नाही, तुझं डोकंही चुकलं नाही, त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. चुकले ती मी, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे तू दारात उभं राहून विचारलंस तेव्हा मी चूल फुंकत राहिले. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तुला रागवायचं असेल तर इथे येऊन समोर रागव, हवं तर अकरा ड्रायव्हरांच्या देखत मला रस्त्यात उभं करून पाढा म्हणायला लाव, पहिल्यापासून. होळीच्या आत ये. आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, ठोकळा खिडकीत आहे, तो घेऊन परस्पर वर्कशॉपला जा. आणि ये किंवा नको येऊस, एक गोष्ट आजच कर. आज झोपताना दाराची कडी एकदाच लाव आणि अंथरुणावर ये. ती लागलेली असते.

तुझीच,
अक्का